यादीत नाव होतं, तरी जर्नल खोटं निघालं

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल जुळवत बसलेल्या प्राध्यापकांसाठी हे लिहितेय. बोगस जर्नलांपासून सावध राहा, असं प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. मला ज्यात गंडवलं ते त्या अर्थानं बोगस जर्नल नव्हतं, एका खऱ्या, जुन्या, मानाच्या जर्नलचं डुप्लिकेट होतं. बोगस जर्नलाचं नाव यादीत मिळत नाही, म्हणून शंका तरी येते. डुप्लिकेटचं नाव यादीत बरोब्बर मिळतं, आयएसएसएन ह्या नियतकालिकाच्या ओळख क्रमांकासकट.

यादी म्हणजे यूजीसी-केअरची, विद्यापीठ अनुदान आयोगानं ग्राह्य धरलेल्या जर्नलांची. आधी यूजीसीची जी मान्यताप्राप्त जर्नलांची यादी होती तिचा बट्ट्याबोळ झाला होता. संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातली १,००९ जर्नलं तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसेनात. हे २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढून टाकली. मग केअर आलं, त्याचा कक्ष आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता, आणि २०१९च्या जूनपासून नवी यादी लागू झाली. यादी खरंच कडक झाली. पण त्यामुळे यादीतल्या नावांना भाव आला, आणि भाव आला की दलाल येणारच.

माझा विषय माण-खटावातले ब्रिटिशकालीन तलाव. म्हसवड, नेर, पिंगळी ह्या तलावांचं पाणी कोणत्या गावाला कधी मिळायचं, पाणीपट्टीवरून तंटे कसे व्हायचे, ह्याच्या नोंदी मी मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या त्या इमारतीत, सुट्ट्यांमध्ये बसून उतरवल्या होत्या. त्यातून एक पेपर तयार झाला. २०२२ साली इतिहासाच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला: राज्यातल्या एका नामांकित संशोधन संस्थेच्या त्रैमासिकाचा विशेषांक, यूजीसी-केअर ग्रुप १, मराठी-हिंदी-इंग्रजी, सर्व विषय, लेख पाठवण्याची शेवटची तारीख परवा. त्रैमासिकाचं नाव मी एम.ए.ला असल्यापासून ऐकत आले होते. केअरच्या साइटवर जाऊन नाव पाहिलं, आयएसएसएन ताडून पाहिला. दोन्ही जुळले.

पेपर ईमेलनं पाठवला आणि त्याच संध्याकाळी स्वीकृतीपत्र आलं. लेटरहेडवर संस्थेचं बोधचिन्ह, खाली शिक्का, संपादकाची सही आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर ६.८’. इतिहासाच्या मराठी त्रैमासिकाला ६.८! इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या लेखांचे इतरांनी सरासरी किती दाखले दिले त्याचा आकडा; ज्याला जगात मान आहे तो क्लॅरिव्हेट कंपनीच्या वार्षिक अहवालात येतो. बाकी बाजारात पाच-पंचवीस ‘फॅक्टर’ विकत मिळतात. मागोमाग फोन. ‘मॅडम, अभिनंदन, रिव्ह्यूअरला पेपर फार आवडला. साडेचार हजार तेवढे आजच पाठवा, अंक प्रेसला चाललाय.’ पैसे संस्थेच्या खात्यावर नाही, एका माणसाच्या नावानं असलेल्या यूपीआयवर. विचारलं, तर ‘संस्थेच्या खात्याचं केवायसी चालू आहे मॅडम.’ आमच्याकडे संस्थांच्या खात्यांचं केवायसी कायम चालूच असतं, त्यामुळे तेही खपून गेलं.

आठवड्याभरात पीडीएफ आली, सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, त्यावर माझा फोटो. ह्या पीडीएफकडे जरा बारकाईनं बघा, कारण बहुतेक डुप्लिकेटांची खूण इथेच असते. वर्ष आणि अंकाचा क्रमांक मूळ त्रैमासिकाचाच, पण पुढे कंसात रोमन आकडा: अंक २ (XIV). म्हणजे एका अंकाच्या नावावर चौदा ‘भाग’ निघाले होते, आणि पुढेही निघतच होते. माझ्या लेखानंतरचा लेख बॉयलरच्या नळ्यांच्या वेल्डिंगवर होता, त्यापुढचा योगासनं आणि कबड्डीपटूंच्या लवचीकतेवर. शब्दन् शब्द मी पाठवला तसाच छापला होता. माझ्या एका तळटीपेत ‘हे तपासायचं’ असं मी स्वतःसाठी लिहिलेलं, तेही छापलं होतं. रिव्ह्यूअरला आवडलेला पेपर तो हा.

वर्षभरानं कॅसची छाननी समिती आली. विद्यापीठातून आलेल्या एका बाईंनी फाइल चाळता चाळता विचारलं, ‘ह्याचा छापील अंक कुठाय?’ पीडीएफ दाखवली. त्या म्हणाल्या, ‘मी ह्या त्रैमासिकाची वर्गणीदार आहे. ह्या अंकात तुमचा लेख नाही.’ पुढे काही बोलल्या नाहीत, पेन्सिलनं एक फुली मारली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी मूळ संस्थेला लँडलाइनवर फोन लावला. पलीकडे बहुधा ग्रंथपाल असावेत, आवाज वयस्कर. ‘अहो बाई, आमची वेबसाइटच नाही. वर्षाला चार अंक काढतो, छापतो, टपालानं पाठवतो. लेखकाकडून आम्ही एक पैसा घेत नाही. तुमच्यासारखे फोन रोज येतात. पोलिसांत दिलंय, यूजीसीला लिहिलंय. काय करायचं सांगा आणखी?’ फसवणुकीचं सगळं तंत्र ह्या उत्तरात आहे. ज्या नियतकालिकाला स्वतःची वेबसाइट नाही, जे छापील स्वरूपातच निघतं, तेच नेमकं ह्या लोकांना सोयीचं. त्याच्या नावानं एक साइट उभी करायची की झालं, सातबारा दुसऱ्याचा आणि विक्रीखत ह्यांचं. केअरच्या साइटवर अशा नक्कल जर्नलांची वेगळी यादी होती, पण ती मूळ यादीसारखी डोळ्यांसमोर येत नसे. नाव आणि क्रमांक जुळला की माणूस तिथून बाहेर पडतो.

साडेचार हजार गेले ते जाऊ द्या. माझा पेपर गेला, हे खरं नुकसान. तो त्या साइटवर चढलेला आहे, सर्च केला की पहिला येतो. तोच पेपर मी एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवला, तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं ८९ टक्के दाखवलं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, आणि स्वतःचाच छापून आलेला मजकूर पुन्हा वापरू नका अशी सूचना यूजीसीनं २०२० साली वेगळी काढलेली आहे. म्हणजे माझ्याच पेपरासाठी मी चोर ठरले. दलालाला म्हटलं, पेपर काढून टाका. उत्तर आलं, ‘विथड्रॉवल चार्जेस आठ हजार.’ हे द्यायचे नाहीत, कुणीही. दिले तरी पेपर निघत नाही. माझ्या एका सहकाऱ्यानं दिले, त्याचा पेपर अजून तिथेच आहे.

१९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. सायबर शाखेतले हवालदार सभ्यपणे बोलले, पण त्यांचा प्रश्न रास्त होता: ‘मॅडम, तुम्ही पैसे दिले, त्यांनी छापून दिलं. फसवणूक नेमकी कुठली लिहू?’ म्हणून तक्रार करायची तर मूळ संस्थेचं पत्र सोबत घेऊन जा, की ही साइट आमची नाही. त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

आता तपासायचं कसं. नाव आणि आयएसएसएन जुळणं ह्याला काडीची किंमत नाही. आयएसएसएन हा फक्त ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. पण त्याच क्रमांकावरून एक गोष्ट कळते: छापील आवृत्तीला एक आयएसएसएन असतो आणि ऑनलाइन आवृत्तीला दुसरा. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाकला की माध्यम दिसतं. माध्यम छापील आणि लेख मात्र वेबसाइटवर, असं दिसलं की तिथेच थांबा. साइटवर जुने अंक किती मागचे आहेत ते पाहा; नव्वद वर्षांच्या त्रैमासिकाचा सगळ्यात जुना अंक २०२०चा कसा असेल? डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, दिला असेल तर तो डीओआयच्या मूळ साइटवर टाकून पाहा, उघडतो का. साइटचा पत्ता केव्हा नोंदवला गेला हेही मिनिटात कळतं. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन छापील अंक हातात घ्या, आतल्या पानावरचा पत्ता आणि फोन नंबर वापरा. ईमेलमधला नंबर नाही.

हे फक्त मराठी-हिंदी नियतकालिकांचं दुखणं आहे असं समजू नका. अॅना अबाल्किना ह्या संशोधक अशा पळवलेल्या जर्नलांचा माग काढतात. मागे घेतलेल्या लेखांवर नजर ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ ह्या साइटसोबत २०२२ साली त्यांनी त्याची खुली यादी सुरू केली, ती बघून ठेवा. अशा नकली जर्नलांचे लेख स्कोपस ह्या आंतरराष्ट्रीय लेखसूचीमध्येसुद्धा शिरल्याचं त्यांनी दाखवून दिलंय. त्यामुळे ‘स्कोपस आहे मॅडम, डोळे झाकून द्या’ असं कुणी म्हणालं तर डोळे उघडे ठेवा.

फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीनं केअर यादीच बंद केली. जर्नल चांगलं की वाईट हे आता कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी ठरवायचं, यूजीसीनं निकष तेवढे सुचवलेत. यादीवर अवलंबून राहू नये हे तत्त्वतः मलाही पटतं. पण आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आयक्यूएसीचा, म्हणजे गुणवत्ता कक्षाचा, समन्वयक म्हणजे तीन विषयांचे तास घेणारा एक माणूस, तो काय काय तपासणार? आणि पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीनं २०२२च्या नियमांत काढलीय, तरी कित्येक गाइड आजही ‘दोन पेपर आण, मग प्रबंध’ म्हणतात. दलालांना हे आपल्यापेक्षा आधी कळलं. त्याच माणसाचा मेसेज मार्चमध्येच आला: ‘केअर गेलं, टेन्शन गेलं. आता कोणतंही पीअर रिव्ह्यूड चालतं. फक्त १,२००.’

ज्यांचा पेपर आधीच अडकलाय त्यांना एकच सुचवते: लपवू नका. मी एका संपादकांना सगळा प्रकार सविस्तर लिहून कळवला, मूळ संस्थेचं पत्र जोडलं. त्यांनी सांगितलं, नवी साधनं घाला, पुन्हा मांडा, आणि पहिल्या तळटीपेत हे नमूद करा. पाठवला. बऱ्याच महिन्यांनी परीक्षकांचं टिपण आलं, चार पानी. पिंगळीच्या पाणीपाळ्यांच्या तारखा आणि पाणीपट्टीची वसुली जुळत नाही, महसूल खात्याचा मूळ खंड पुन्हा पाहावा, असं त्यात आहे. बरोबर आहे त्यांचं, जुळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन तो खंड पुन्हा काढायचाय.