लॅक्टोज-फ्री दुधाचा टेट्रापॅक: चहाला ठीक, चाचणीला उत्तम

अमूलसारख्या कंपन्यांचे लॅक्टोज-फ्री दूध आता मोठ्या किराणा दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळते. हे गाईम्हशीचेच दूध असते. त्यात लॅक्टेज हे एन्झाइम घालून लॅक्टोजचे, म्हणजे दुधातल्या साखरेचे, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेले असते, एवढाच फरक. केसीन आणि व्हे ही प्रथिने जशीच्या तशी राहतात. त्यामुळे ज्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे दूध पोटात जाताच अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, धाप लागते, त्याने हा पॅक उघडूही नये. शेळीचे दूध किंवा 'ए२' दूध हाही त्यावर उपाय नाही. अशा माणसाने दूध पिऊन पाहण्याचा प्रयोग घरी करायचाच नाही, तो डॉक्टरांसमोरच.

चव नेहमीच्या दुधापेक्षा गोड, कारण ग्लुकोज लॅक्टोजहून गोड लागते. चहात साखर थोडी कमी घातली तरी चालते. मधुमेहींनी मात्र फसू नये, एकूण साखर तेवढीच आहे. खीर किंवा बासुंदी आटवताना रंग लवकर तांबूस होतो आणि तळ पटकन लागतो, म्हणून आच मंद ठेवा.

या दुधाचा खरा उपयोग पथ्याच्या चाचणीत आहे: पोट बिघडते ते लॅक्टोज न पचल्यामुळे का, हे घरी पाहायला. आधी दोन आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा, मिल्क पावडर पूर्ण बंद. बिस्किटे, ब्रेड आणि इन्स्टंट सूपच्या पाकिटांवर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'लॅक्टोज' हे शब्द शोधा. काही गोळ्यांतही लॅक्टोज भराव म्हणून असते. ती गोळी स्वतःहून बंद करू नका, केमिस्टला विचारा. पोटाची तक्रार या दोन आठवड्यांत अजिबात कमी झाली नाही, तर दोष बहुधा दुधाचा नाही. पुढे जाण्यात अर्थ नाही.

कमी झाली असेल, तर सकाळी उपाशीपोटी एक पेला (२५० मिली) लॅक्टोज-फ्री दूध घ्या. दोन-तीन दिवस थांबा, मग तेवढेच साधे दूध घ्या. एका पेल्यात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असते. पोट फुगणे, गुरगुरणे, जुलाब हे साधारण अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होते. फक्त साध्या दुधाने त्रास झाला तर बोट लॅक्टोजकडे. दोन्हींनी झाला तर प्रथिने किंवा दुसरेच काही, आणि मग हा पॅक विकत घेणे म्हणजे पैसे वाया. नुसते दूध बंद करून बरे वाटले म्हणून लॅक्टोजवर शिक्का मारणारे बरेच असतात. ही दुसरी पायरी त्यासाठीच. नक्की निदान हवे असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे हायड्रोजन ब्रेथ टेस्ट, म्हणजे श्वासातला हायड्रोजन मोजणारी चाचणी, होते.

चाचणी बिघडते ती बहुतेक त्या दिवशीच्या इतर खाण्यामुळे. राजमा, छोले, कांदा-लसूण यांनीही वायू होतो, म्हणून आदल्या दिवसापासून जेवण साधे ठेवा. नुकताच गॅस्ट्रो होऊन गेला असेल तर काही आठवडे दूध तात्पुरते पचत नाही. तेव्हाचा निकाल धरू नका.

लॅक्टोजच ठरले तरी आयुष्यभर पॅक विकत घ्यायची गरज नाही. चहातल्या ४०-५० मिली दुधात दोन-अडीच ग्रॅम लॅक्टोज येते, तेवढे बहुतेकांना चालते. विरजताना जिवाणू काही लॅक्टोज खातात, म्हणून दही-ताकही पुष्कळांना सोसते. तुपात ते जवळजवळ नसतेच. पेढा आणि बर्फी मात्र खव्यामुळे जड जातात. दूध फारच कमी झाले तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोजच्या जेवणात आणा.

गॅलॅक्टोसेमिया (शरीराला गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या बाळाला हे दूध चालत नाही, गॅलॅक्टोज त्यात आयतेच असते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर कोणत्याही कारणाने मुख्य दूध म्हणून नकोच. चाचणीसाठी छोटा पॅक घ्या: फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवूनही पॅकवर छापलेल्या दिवसांत संपवावे लागते.