हॉटेल खरं होतं, फोन नंबर खोटा होता

दिल्लीला जायचं ठरवत असाल आणि हॉटेलची खोली फोनवरून बुक करायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. आमचे 25,200 रुपये गेले. कुणाला ही रक्कम मोठी वाटेल, कुणाला लहान. पण ते ज्या पद्धतीने गेले ती सगळ्यांना माहीत असायला हवी, कारण यात लॉटरी नव्हती, अनोळखी लिंक नव्हती, ओटीपीही कुणी मागितला नाही. हॉटेल खरं होतं. त्याचा पत्ता खरा, फोटो खरे, रिव्ह्यू खरे. खोटा होता तो फक्त फोन नंबर.

बरोबर आई येणार होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट हवी, मेट्रो जवळ हवी आणि रात्रीचं जेवण हॉटेलातच साधं मिळालं तर उत्तम, एवढ्या अपेक्षा होत्या. करोल बागेत तसं एक हॉटेल सापडलं. बुकिंगच्या अ‍ॅपवर दर जरा जास्त होता. थेट हॉटेलला फोन केला तर कमिशन वाचतं आणि दर कमी होतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे, आणि चांगली हॉटेलं खरोखरच तसा दर देतात. म्हणून नकाशाच्या अ‍ॅपवर हॉटेलच्या नावाखाली जो मोबाइल नंबर दिला होता, तो लावला.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलला. घाई नाही, गोड बोलून गळ्यात मारणं नाही. कुठल्या गाडीने येताय, बरोबर कोण आहे, खालच्या मजल्यावरची खोली चालेल का, अशी चौकशी त्याने केली. मग विचारलं, "रूम ईपी में चाहिए या एमएपी में?" हॉटेलच्या धंद्यातले हे रोजचे शब्द आहेत. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक वेळचं जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. आम्ही एमएपी म्हटल्यावर तो म्हणाला, "माताजी प्याज-लहसुन लेती हैं? नहीं तो मैं किचन में अलग से बोल दूँगा." हे वाक्य मी विसरू शकत नाही. पैसे लुबाडायला बसलेला माणूस माझ्या आईच्या ताटात कांदा-लसूण नको म्हणून काळजी करत होता, आणि ती काळजी हेच त्याचं हत्यार होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर खोलीचे फोटो आले, ते हॉटेलच्याच पानावरचे. प्रोफाइलला हॉटेलच्या दर्शनी भागाचा फोटो. मुक्कामाचे 7,200 रुपये आगाऊ भरायचे होते, कारण "आज पूरा पेमेंट किया तो बीस टका छूट". पैसे भरताना यूपीआयच्या स्क्रीनवर हॉटेलचं नाव आलं नाही, कुणा व्यक्तीचं आलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं: हे आमचे अकाउंटंट, हॉटेलचं करंट खातं ऑडिटसाठी बंद आहे. पैसे गेल्यावर लगेच लेटरहेडवर छापलेलं व्हाउचर आलं, त्यावर शिक्का, सही आणि जीएसटी नंबरही.

तासाभराने दुसरा फोन. जेवणाचं बिल किचनच्या वेगळ्या खात्यावर होतं, त्याचे 5,400 वेगळे भरावे लागतील. तेही भरले. त्यानंतर जे झालं तिथे या फसवणुकीची खरी कारागिरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिसऱ्या फोनवर आवाज काळजीत पडलेला. दोन वेगवेगळी पेमेंट आल्यामुळे सिस्टिमने बुकिंग अडकवलंय. एकूण 12,600 रुपये एकाच वेळी आले तरच खोली कन्फर्म होईल, आणि आधीची दोन्ही पेमेंट दहा मिनिटांत आपोआप परत जातील. माझा नवरा फोनवर असतानाच पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती, कुणीतरी मागून "सर, रिफंड पेंडिंग दिख रहा है" असं म्हणत होतं. ते 12,600 गेले. परत काहीच आलं नाही. उलट पुन्हा मागणी आली, या वेळी 12,601 रुपयांची. एक रुपया वाढवला की "नया ट्रान्झॅक्शन" धरला जातो म्हणे. त्या एक रुपयाने आम्ही थांबलो. कुठल्याही हॉटेलचा हिशेब असा चालत नाही.

बघा, या सापळ्यात प्रत्येक पुढचा हप्ता आधीचे पैसे सोडवण्यासाठी मागितला जातो. नवीन काही विकत घ्यायचं नसतं, अडकलेलं परत मिळवायचं असतं. माणूस नव्या खर्चाला दहा वेळा नाही म्हणेल, पण स्वतःचे पैसे परत येणार असतील तर लगेच तयार होतो.

हॉटेलचा लँडलाइन नंबर एका जुन्या बिलाच्या फोटोत सापडला. कुणा प्रवाशाने रिव्ह्यूसोबत तो फोटो टाकला होता. तिथे फोन लावल्यावर खऱ्या मॅनेजरने नाव, तारीख, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमच्या नावाचं बुकिंग नाही, आणि तो मोबाइल आमचा नाही. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये कुणीही "माहिती दुरुस्त करा" म्हणून नवा नंबर सुचवू शकतो, आणि ती दुरुस्ती कधी कधी तशीच लागू होते. त्यांनी आपला नंबर पूर्वीही दुरुस्त करून घेतला होता, तो पुन्हा बदलला गेला. त्यांच्या दारात प्रवासी सामान घेऊन येतात, व्हाउचर दाखवतात आणि भांडतात. त्यांचंही यात नुकसान आहे, हे मला त्या फोनवरच कळलं.

इथे मला जे म्हणायचंय ते नीट लक्षात घ्या. आपण सगळे रिव्ह्यू वाचतो, फोटो ताडून पाहतो, पत्ता तपासतो. या सगळ्यातून हॉटेल अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध होतं. पैसे मागणारा माणूस त्या हॉटेलचा आहे की नाही, याचा त्यात काहीच पुरावा नसतो. तपासायचा तो माणूस, आणि त्याला तपासण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा यूपीआयच्या स्क्रीनवरचं नाव. 30 जून 2025 पासून एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार पैसे पाठवण्याआधी दिसणारं नाव हे बँकेत नोंदलेलं नाव असतं. समोरच्याने स्वतः ठेवलेलं टोपणनाव तिथे दाखवता येत नाही. म्हणजे हॉटेल सांगितलं आणि नाव भलत्याच व्यक्तीचं दिसलं, तर तो माणूस कितीही पटेल असं कारण सांगो, तिथेच थांबायचं. दुसरी जागा जीएसटी नंबर. तो 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. दिल्लीचा कोड 07, महाराष्ट्राचा 27. आमच्या व्हाउचरवरचा नंबर 08 ने सुरू होत होता, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो नंबर टाकला तर कुणाही माणसाला नोंदणीचं नाव दिसतं. आमच्या व्हाउचरवरचा नंबर एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. बिचाऱ्या त्या दुकानदाराला पत्ताही नसेल. शिवाय cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर संशयित फोन नंबर किंवा यूपीआय आयडी आधीच कुणी तक्रारीत दिला आहे का, हे शोधण्याची सोय आहे. पैसे पाठवण्याआधी तिथे एकदा पाहायला वेळ लागत नाही.

एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने, म्हणजे आयफोरसीने, अशाच बनावट बुकिंगबद्दल लोकांना सावध केलं होतं. त्यात केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची अतिथिगृहं, टॅक्सी, सहलींची पॅकेजं यांचा उल्लेख होता. तीर्थयात्रेला निघालेली माणसं यात मुख्यत्वे सापडतात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची सोय बघायची म्हणूनच तर आधी पैसे भरले जातात.

आम्ही 1930 या हेल्पलाइनला त्याच संध्याकाळी फोन केला. फोन करण्याआधी हाताशी ठेवा: आपली बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर (म्हणजे व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण डिलीट करू नका, राग आला तरी त्याला ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे पोहोचलेत तिथे ते गोठवण्याची सूचना जाते, त्यामुळे तिथे मिनिटांना किंमत आहे. आमच्या शेवटच्या 12,600 पैकी काही रक्कम अशी अडली. पहिली दोन्ही पेमेंट तोवर खात्यातून निघून गेली होती.

बँकेने मात्र हात वर केले, आणि त्यामागे कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिलं ते अनधिकृत व्यवहारात, म्हणजे आपल्या नकळत कुणी पैसे काढले तर. पिन आपण स्वतः टाकला असेल तर बँक तो व्यवहार अधिकृत धरते. म्हणून आशा ठेवायची ती पोलिसांच्या तक्रारीवर. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आहे, तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी 319, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66 ड. तक्रारीत घटना लिहिताना "हॉटेलचा कर्मचारी असल्याचं भासवलं" हे शब्द स्पष्ट लिहा.

तरी आम्ही दिल्लीला गेलो. त्याच हॉटेलात, त्या मॅनेजरांशी लँडलाइनवर बोलून, पैसे काउंटरवर देण्याच्या अटीवर. आणि नवी दिल्ली स्टेशनवर पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडताच तीच फसवणूक इंटरनेटशिवाय समोर उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस आला, हॉटेलचं नाव विचारलं आणि म्हणाला, तो रस्ता बंद आहे, हॉटेल सील झालंय. खात्री हवी तर मीच फोन लावून देतो. त्याच्या फोनवरून "हॉटेल"ने लगेच सांगितलं की बुकिंग रद्द झालं आहे. मग तो आम्हाला कॅनॉट प्लेसच्या "सरकारी टूरिस्ट ऑफिस"मध्ये न्यायला निघाला. अशा ऑफिसात थकलेल्या प्रवाशाला दुप्पट-तिप्पट दराची खोली आणि वर टॅक्सीचं पॅकेज गळ्यात घालतात. केंद्र सरकारचं पर्यटन कार्यालय 88, जनपथ इथे आहे, आणि तिथला माणूस स्टेशनवर गिऱ्हाईक शोधत फिरत नाही. आम्ही आपल्या फोनवरून, आपल्याजवळच्या लँडलाइन नंबरवर बोललो. मॅनेजर म्हणाले, या, खोली तयार आहे. तोवर ओळखपत्रवाला दुसऱ्या कुटुंबाकडे वळला होता. त्यांना आम्ही हाक मारून सावध केलं.

खाण्याचं थोडक्यात. जेवणाचे पैसे आगाऊ कुठेच भरू नका, दिल्लीत त्याची गरजच नाही. अशोका रोडवरच्या आंध्र भवनच्या कँटीनमध्ये सर्वांना जेवता येतं. गुरुद्वारा बंगला साहिबचा लंगर सर्वांसाठी खुला आहे. आई तिथे पंगतीत बसली आणि तिला अगदी घरच्यासारखं वाटलं. एका रेस्टॉरंटमध्ये मात्र बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच जोडून, त्या बेरजेवर जीएसटी लावलेला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला याला मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ती मनाई योग्य ठरवली. हे शांतपणे सांगितलं, तक्रारीसाठी 1915 ला फोन लावतो म्हटलं, तर पाच मिनिटांत बिल नव्याने छापून आलं. टीप द्यायची तर आपल्या मर्जीने द्यावी, वाढप्याच्या हातात द्यावी.

गोठवलेले पैसे परत मिळावेत म्हणून कोर्टात अर्ज केला आहे, तो चालू आहे. हॉटेलचा नंबर आम्ही आणि मॅनेजरांनी मिळून नकाशावर दुरुस्त करून घेतला. परवा सहज पाहिलं तर शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका हॉटेलच्या नावाखाली तोच मोबाइल नंबर दिसला. त्याचीही तक्रार केली आहे. दिल्लीत करोल बाग किंवा पहाडगंजात खोली बघत असाल तर सध्या तरी एवढं कराच: नकाशावरचा मोबाइल नंबर सोडा, लँडलाइनवर बोला आणि पैसे काउंटरवर द्या.