श्रीरामपूरचा मिशनरी वॉक: गावाला साडेचार स्टार, गाईडला दोन

आधीच सांगते, हे श्रीरामपूर म्हणजे आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, हे हावड्याच्या वरच्या अंगाला हुगळीच्या काठावरचं. मी फोनवर अण्णांना म्हटलं की तुम्ही कोलकात्याला आलात की श्रीरामपूरला जाऊ, तर म्हणाले अगं मग मी दोन दिवस रेल्वेत कशाला बसू, एसटीने दोन तासात जातो की. इंग्रजांनी त्याचं सेरामपूर केलं आणि त्याआधी डेन्मार्कवाल्यांनी फ्रेडरिक्सनगर, पण लोकलच्या बोर्डावर अजून श्रीरामपूरच आहे.

तर झालं असं की अण्णा रिटायर्ड, भूमी अभिलेखमधून, आख्खं आयुष्य जुने मोडी कागद वाचण्यात गेलेलं, आणि नगरचे असल्यामुळे मिशनऱ्यांबद्दल त्यांना आधीपासून कुतूहल (जन्मच मिशनच्या बूथ हॉस्पिटलचा), म्हणून मी हौसेने एक गायडेड वॉक ऑनलाईन बुक केला, माणशी 900 रुपये, चार तास, 'मिशनरी ट्रेल'. कंपनीचं नाव लिहीत नाही, छोटी पोरं आहेत, शिकतील. हावड्याहून लोकल पकडली, अर्धा-पाऊण तास, तिकीट कटिंगच्या भावात. स्टेशनबाहेर गाईड वेळेवर हजर होता आणि पाऊस भुरभुरत होता तर त्याने स्वतःची छत्री अण्णांना दिली, हे त्याच्या खात्यात जमा.

पहिलं सेंट ओलाव्ह चर्च. 1806 ला पूर्ण झालेलं, कपाळावर डेन्मार्कच्या सातव्या ख्रिश्चन राजाचं मोनोग्राम, समोर जुन्या तोफा. मध्ये पार खिळखिळं झालेलं, मग नीट दुरुस्त केलं आणि 2016 ला युनेस्कोचं हेरिटेज अवॉर्डही मिळालं. काम खरंच सुंदर झालंय. पण आम्ही तिथे एकूण बारा मिनिटं, त्यातली सात गाईड फोनवर.

मग गंगेच्या कडेने चालत कॉलेजकडे (तिथे हुगळीला कोणी हुगळी म्हणत नाही, गंगाच). सेरामपूर कॉलेज 1818 चं, समोर मोठाले गोल खांब, आत ओतीव लोखंडाचा जिना, आणि 1827 ला डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या सनदेमुळे डिगरी द्यायचा अधिकार. ही नुसती जुनी गोष्ट नाहीये बरं का, आजही देशभरच्या कितीतरी सेमिनऱ्यांची (पाद्री घडवणारी कॉलेजं) बी.डी., म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, इथल्या सिनेटचीच असते. इथे उभं राहून गाईडने पाठ केलेलं सुरू केलं, विल्यम कॅरी आधी चांभारकाम करायचा, 1793 ला बंगालात आला, कंपनी सरकारला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते कारण धंद्यात लफडं नको, म्हणून मालद्याकडे निळीच्या कोठीवर नोकरी केली आणि जानेवारी 1800 मध्ये इथे डॅनिश हद्दीत येऊन वॉर्ड आणि मार्शमन यांच्याबरोबर छापखाना काढला. इथपर्यंत बरोबर. पुढे म्हणाला, कॅरीसाहेबांना चाळीस भाषा येत होत्या आणि चाळीस भाषांत त्यांनी एकट्याने बायबल लिहिलं.

अण्णा म्हणाले, एकट्याने? तो म्हणाला, हो हो, एकट्याने. अण्णा गप्प. त्यांची ती गप्प बसायची पद्धत मला माहीत आहे, साहेबाने चुकीच्या उताऱ्यावर सही केली की असेच गप्प बसायचे म्हणे.

माझी तक्रार इथेच आहे. भाषांतरं चाळीसच्या आसपास निघाली हे खरं, काही पूर्ण, बरीचशी अर्धीमुर्धी, पण ती एका माणसाने नाही केली, तो अख्खा कारखाना होता. वेगवेगळ्या भाषांचे पंडित बसायचे, बरेचदा संस्कृत नाहीतर बंगालीवरून आपल्या भाषेत उतरवायचे आणि कॅरी तपासायचा. टाईप, म्हणजे छपाईचे खिळे, पाडायला पंचानन कर्मकार, त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर. ह्या लोहाराच्या हाताशिवाय कॅरी नुसता कागद घेऊन बसला असता. चार तासांत पंचाननचं नाव एकदाही नाही आलं. मीच विचारलं तर गाईड म्हणाला, मॅडम तो सिलॅबसमध्ये नाही. सिलॅबस!

आणि आपल्या मराठीचं तर नावच नाही. म्हणजे मराठी छपाईच्या अगदी पहिल्या काळातली पुस्तकं पुण्या-मुंबईची नाहीत, ह्या गावची आहेत, आणि महाराष्ट्रातून एवढ्या लांब आलेली दोन मराठी माणसं समोर उभी आहेत तरी ह्याला काही नाही. 1805 ला मराठीचं व्याकरण, 1810 ला कोश, 1811 ला बायबलचा नवा करार. कॅरी कोलकात्याच्या कंपनी सरकारच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा, म्हणजे ज्या कंपनीला मिशनरी नको होता तिच्याच पगारावर मिशन चाललेलं, आणि मराठीसाठी हाताशी वैजनाथ पंडित.

मी कोशाचं स्कॅन फोनमध्ये घेऊन गेलेले, ते कॉलेजच्या पायरीवर बसून अण्णांना दाखवलं. छापील मोडी! अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि वाचायलाच लागले, बोटाने झूम करत, एकेक शब्द. मग म्हणाले, अगं हे फार अवघड काम आहे. मोडीत आधी आख्खी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लोंबवत जायचं, एकच अक्षर काना-वेलांटीप्रमाणे रूप बदलतं, त्याचे सुटे सुटे खिळे कसे पाडले असतील? पण का पाडले हे लगेच कळतं, दुकानदार, कारकून, कुलकर्णी सगळे मोडीच वाचणारे, बाळबोध (देवनागरी) म्हणजे पोथीवाल्यांची. गिऱ्हाईक कोण ते त्यांना बरोबर कळलेलं.

माल मात्र तितकासा जमला नाही. कागदावर मराठी, पण महाराष्ट्र हजार मैलांवर. 1813 ला मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना बायबलचं ते भाषांतर पुरलं नाही, त्यांनी परत पहिल्यापासून केलं, तेही बाळबोधमध्ये. हेच लोक पुढे आमच्या नगरला आले. अण्णांचा हिशोब साधा, म्हणतात नगरला शाळा-दवाखाना आधी दिसतो, पुस्तक नंतर, इथे पुस्तकच आधी.

मिशन हाऊसच्या बाजूच्या घाटावर गाईडने सांगितलं की 28 डिसेंबर 1800 ला कृष्ण पाल सुताराचा नदीत बाप्तिस्मा झाला, ह्या मिशनचा पहिला बंगाली ख्रिस्ती, टाळ्या. सात वर्षांत पहिला माणूस, हे नाही सांगितलं. त्याचा खांदा निखळलेला, तो मिशनमधल्या डॉक्टर थॉमसने बसवला तिथून ओळख, हेही नाही. आणि त्या दिवशी तो थॉमस आनंदाने भ्रमिष्ट होऊन एका खोलीत कोंडलेला आणि कॅरीची बायको डोरोथी, पोरगं गेल्यापासून डोकं फिरलेली, दुसऱ्या खोलीत, हे तर अजिबातच नाही. तिला विचारून कोणी आणलं होतं इकडे? मला धर्मांतर वगैरे वादात पडायचं नाही, कमेंटमध्ये सुरू करू नका प्लीज, पण बाप्तिस्म्याचा सोहळा सांगायचा तर त्या दोन खोल्याही सांगा ना.

छापखान्याच्या आगीची गोष्ट त्याने चांगली रंगवली, त्याला मार्क. 11 मार्च 1812, संध्याकाळी कागदाच्या गोदामातून पेट, कागद गेला, खिळे वितळले, कॅरीची हस्तलिखितं गेली, पण राखेत पंच (अक्षर कोरलेले पोलादी ठसे) आणि साचे शाबूत सापडले, मग वितळलेलं शिसं परत ओतून थोड्याच आठवड्यात छपाई चालू.

कबरस्तान गावात थोडं आत आहे, टोटो (बॅटरीवाली रिक्षा) करा. (टोटोवाल्याने शंभर मागितले, साठवर आला.) कॅरी, मार्शमन, वॉर्ड तिघेही तिथेच. कॅरीच्या दगडावर स्वतःला दीन, असहाय किडा म्हटलंय, बाकी कौतुक शून्य, त्यानेच मृत्यूपत्रात तसं बजावलेलं. अण्णा बराच वेळ उभे होते. म्हणाले, हा तर आपल्या वारकऱ्यांसारखं बोलतोय. गाईड गेटवर घड्याळ बघत.

चार तासांचा वॉक दोन तास पन्नास मिनिटांत उरकला, मेसेज केला तर 'पावसामुळे' असं उत्तर, रिफंड नाही. उरलेल्या वेळात आम्ही दोघंच डेन्मार्क टॅव्हर्नला गेलो, 1786 ची खानावळ, पडझड झालेली, दुरुस्त करून 2018 ला कॅफे म्हणून उघडली. उंच छत, खिडकीतून नदी, पलीकडे बराकपूर. चहा आणि फिश फ्राय घेतलं, अण्णांनी नुसता चहा, श्रावण लागलेला. तिथे फोन चार्जिंगला लावून त्यांनी कोशाची अजून चार पानं वाचली.

जाणार असाल तर: कॅरी लायब्ररीत नुसतं आत घुसू नका, आधी कॉलेजला विचारून घ्या. गाईड नको, सकाळी निघा, गुटके संदेश (तिथली मिठाई) घ्या, परत येताना फेरीने बराकपूर गाठून तिकडून लोकल पकडा, मस्त वाटतं.

गाईडला मी एक स्टार देणार होते. अण्णा म्हणाले, दोन दे, छत्री त्याची होती, तो भिजला.