गंगापूर रोडवरच्या छोट्या वाईन बारमध्ये आठ महिने

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत मी लहानाची मोठी झाले, तरी चाळिशी उलटेपर्यंत वाईनचा घोट घेतला नव्हता. आमच्या घरी द्राक्ष म्हणजे थॉमसन नाहीतर सोनाका, आणि ती पेटीत भरून बाहेर जायची. नाशिकभोवती इतक्या वायनरी उभ्या राहिल्या, पण तिथे जाऊन नेमकं काय मागायचं हेच कळायचं नाही. गेल्या सप्टेंबरात मैत्रिणीच्या वाढदिवसाला गंगापूर रोडवरच्या या छोट्या वाईन बारमध्ये गेले. तेव्हापासून मी आणि नवरा महिन्यातून दोनदा तरी जातोच.

पहिल्या दिवशी टेबलापाशी आलेल्या मुलाने कुठली वाईन हवी असं विचारलंच नाही. ‘ताई, चहा कोरा घेता की दुधाचा? लिंबू सरबतात साखर किती लागते?’ एवढंच विचारलं आणि तीन ग्लासांत थोडी थोडी ओतून आणली: शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन व्हाइट, आणि शिराझ ही रेड. शिराझचा घोट घेतल्यावर जांभळं खाल्ल्यासारखी जीभ आखडली. मी तसं म्हटल्यावर तो खूश झाला. म्हणाला, तुरट म्हणताय ना, तेच टॅनिन. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत ते असतं. रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून त्यात उतरतं. व्हाइटसाठी रस आधीच सालीपासून वेगळा करतात. ‘ड्राय’ म्हणजे काय हेही त्याच दिवशी कळलं. रसातली साखर यीस्टने जवळजवळ सगळी संपवली, गोडी उरली नाही, की ती वाईन ड्राय. तुरट, आंबट, उग्र हे शब्द माझ्याकडे लहानपणापासून आहेत. ते इथे चालतात हे समजल्यावर मी मोकळेपणाने बोलायला लागले.

खाण्यासाठीही आवर्जून जावं अशी ही जागा आहे. कोथिंबीर वडी आणि सोव्हिन्यों ब्लां ही माझी ठरलेली ऑर्डर. त्या वाईनला मुळातच हिरव्या मिरचीसारखा, गवतासारखा वास असतो, त्यामुळे वडी आणि वाईन एकाच मळ्यातून आल्यासारखी लागतात. भज्यांबरोबर स्पार्कलिंग घ्या. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात, पुढचं भजं पुन्हा पहिल्यासारखं कुरकुरीत लागतं. मटण सुक्क्याबाबत मात्र आम्ही एकदा फसलो. मटणाच्या चरबीने शिराझचा तुरटपणा मऊ होतो हे खरं, पण त्या दिवशी सुकं जहाल होतं, आणि तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन पडलं की आग वाढते. आता मी आधी तिखट किती आहे ते विचारते. झणझणीत असेल तर किंचित गोडसर शेनिन, बेताचं असेल तर शिराझ.

फेब्रुवारीत बाबांना घेऊन गेले. ते पीत नाहीत, त्यांना कुणी आग्रहही केला नाही, जेवण मात्र मनापासून वाढलं. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘माल किती ब्रिक्सला उतरवतात?’ ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. खाण्याच्या द्राक्षापेक्षा वाईनचं द्राक्ष जास्त गोडीला काढतात, कारण त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं, हे ऐकल्यावर त्यांचं गणित सुरू झालं. मग मण्याचा आकार, सालीची जाडी, गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठी वेल छाटतात त्याची, तारीख. अर्धा तास बाबा आणि तो मुलगा बोलत होते, तोही दिंडोरीकडचाच निघाला. माझ्या बाबांचं आयुष्यभराचं काम त्या टेबलावर कुणीतरी इतक्या आदराने ऐकलं, हे मी विसरणार नाही.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. एका मंगळवारी ग्लासातल्या व्हाइटला शिळ्या सफरचंदासारखा वास आला. बाटली रविवारी उघडलेली होती. बदलून लगेच दिली, पण उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहायला काय हरकत आहे? तेव्हापासून मी ग्लास मागवताना बाटली कधी उघडली ते विचारते, तुम्हीही विचारा. एप्रिलच्या उकाड्यात रेड कोमट आली, नुसता अल्कोहोलचा भपका. रेड ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी म्हणतात ते थंड देशातल्या खोलीचं, म्हणजे साधारण 16 ते 18 अंशांचं, नाशिकच्या उन्हाळ्याचं नव्हे. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगितली आणि तीच वाईन एकदम फळासारखी लागली. शनिवारी गाण्यांचा आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शिकायला जायचं तर मंगळवार-बुधवार बरा, माणसांना समजावायला वेळ असतो.

सगळ्यात खटकतं ते मेनूकार्ड. टेबलावर सगळे मराठीत इतकं छान समजावतात, आणि कार्डावर मराठीचं एक अक्षर नाही. आमच्या पिंपळगावची माणसं ते उघडतील आणि मिटून ठेवतील. मी दोनदा त्यांच्या अभिप्रायाच्या वहीत तसं लिहून आले आहे.

नव्याने जाणार असाल तर थेट बाटली मागवू नका. 750 मिलीच्या बाटलीत पाच ग्लास निघतात, दोघांना ते जास्त होतं. तीन छोट्या ग्लासांचा नमुना घ्या, दोघांत वाटून घ्या, पाण्याचा जग जवळ ठेवा आणि खाणं आधी मागवा, कारण स्वयंपाकघर सावकाश चालतं. वयाची अट 21 आहे, ओळखपत्र बघतात. गाडी नेऊ नका. आम्ही रिक्षाने जातो, येताना बारची माणसंच रिक्षा बोलावून देतात.

पुढच्या आठवड्यात आईला नेणार आहे. तिला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या वाईनचा वास घ्यायचा आहे. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस लोक मुद्दाम ठेवतात, यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.