जिप्समची दुसरी भिंत की रॉकवूलच्या चौकटी

घरातली दहा बाय बाराची खोली रेकॉर्डिंगसाठी मोकळी झाली आणि पैसे मोजकेच असले, की गाडी याच दोन पर्यायांपाशी येऊन थांबते. भिंतींना आतून जिप्सम बोर्डांची दुसरी भिंत द्यायची, की भिंती आहेत तशा ठेवून रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून काढलेल्या तंतूंच्या गादीच्या, चौकटी टांगायच्या आणि दार-खिडकी तेवढी घट्ट करायची? पिरॅमिड फोम या तुलनेत धरलेला नाही. दोन इंची फोम वरच्या सुरांची खणखण खातो, खालच्या सुरांचं घुमणं तसंच ठेवतो आणि आवाज अडवत तर अजिबात नाही. वर तो पटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अंड्यांच्या ट्रेचा विषय न काढलेलाच बरा.

आधी जिप्सम, कारण कागदावर तेच सरस आहे. विटांच्या भिंतीपासून इंचभर सोडून ५० मिमीचे जीआय स्टड (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे उभे खांब), दर दोन फुटांवर एक. मध्ये ५० मिमी रॉकवूल. वरून १२.५ मिमीचे दोन बोर्ड, दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर न येतील असे. बोर्ड स्लॅबला किंवा फरशीला टेकवायचा नाही. पाच-सहा मिमी फट ठेवायची आणि न कडकणाऱ्या सीलंटनं भरायची. काम बिघडतं ते बहुतेक दोन जागी. एक म्हणजे ही फट कारागीर सवयीनं पीओपीनं भरून टाकतो. ते सुकलं की चीर पडते आणि आवाजाला वाट मिळते. दुसरं म्हणजे भिंत हलू नये म्हणून मधूनमधून जुन्या भिंतीला पट्ट्या मारतो. पट्टी बसली की दोन भिंतींची पुन्हा एकच भिंत झाली. काम चालू असताना शेजारी उभं राहणार असाल तरच हे टळतं.

हिशोबही पाहा. चार भिंती, उंची दहा फूट, दार-खिडकी वजा करून साधारण ४०० चौरस फूट. दोन थर म्हणजे ८००. सहा बाय चारचा बोर्ड २४ चौरस फुटांचा, तेव्हा ३४ बोर्ड, आणि कापाकापी धरून ३७. लावलेल्या बोर्डांचं वजनच सहाशे किलोच्या वर जातं. तळमजल्यावर स्लॅबच्या घरात काही बिघडत नाही, पण पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर लाकडी तुळयांच्या भरवशावर हे करायच्या आधी जाणकाराला दाखवा. प्रत्येक बाजूनं चार इंच जातात, खोली ९ फूट ४ इंच बाय ११ फूट ४ इंच उरते. छत तसंच सोडलं तर आवाज स्लॅबमधून वर जातोच. तेही करायचं तर आणखी दहा-अकरा बोर्ड.

हे सगळं नीट झालं तर फरक मात्र खरा आहे. हलगी, घुमकं, ढोलकी, किंवा रात्री दहानंतर गिटारचा अँप वाजवायचा असेल आणि शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असतील, तर चौकटी तुमच्या काही कामाच्या नाहीत. त्या आवाज अडवत नाहीत. तिथे जिप्समच.

पण जिप्सम लावून झाल्यावर खोली आतून पूर्वीइतकीच खणखणते. बोर्ड थरथरतो तेव्हा खालचे सूर थोडे खातो हे खरं, पण आवाजातला 'बाथरूम' जात नाही. म्हणजे जिप्समचा खर्च करूनही आत चौकटी लागतातच. हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

आता चौकटी. ४८ घनतेचा (म्हणजे घनमीटरला ४८ किलो), ५० मिमी जाडीचा रॉकवूल स्लॅब घ्यायचा आणि एका चौकटीत दोन ठेवायचे, म्हणजे जाडी १०० मिमी. बाजारात एक मीटर बाय ६०० मिमी माप सहज मिळतं. चौकट स्लॅब हातात आल्यावरच कापा. आतलं माप पाच मिमी कमी ठेवलं की स्लॅब दाबून बसतो, खिळा लागत नाही. टिंबर मार्केटमधून १२ मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट आणून आठ फुटी, साधारण १०५ मिमी रुंदीच्या ११ पट्ट्या कापून घ्या. सात पट्ट्यांतून प्रत्येकी एक लांब आणि दोन आखूड तुकडे, उरलेल्या चारांतून दोन-दोन लांब. एका शीटमध्ये सात चौकटी होतात. तयार चौकट पाच-सहा किलोची, एकट्यानं उचलता येते.

कापडाला तोंड लावून फुंकून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. इचलकरंजीचा कोरा मांजरपाट स्वस्त पडतो, पण त्यात खळ असते. आधी धुऊन वाळवा. हवा मोकळी जाते आणि पुढे कापड आटून चौकट ओढत नाही. मागची बाजूही कापडानं बंद करा, नाहीतर तंतू झडत राहतात. स्लॅब कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. खाज दुसऱ्या दिवसापर्यंत पुरते.

टांगायला ४५ अंशात कापलेल्या दोन लाकडी पट्ट्या, एक भिंतीला, एक चौकटीला. मागे दोन ते चार इंच पोकळी राहील असे ठोकळे लावा. पोकळीमुळे तीच चौकट आणखी खालच्या सुरांपर्यंत पोचते. जागा ठरवताना बहुतेक लोक माइकच्या मागे चौकट लावतात. कार्डिऑइड माइक पुढून ऐकतो, तेव्हा गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत आधी झाका. तिथे दोन, दोन्ही बाजूंना एकेक, डोक्यावर आडवी एक आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत तिरक्या. खोलीची रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट असली तर ५६ हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे अगदी खालच्या सुराचं, घुमणं दुप्पट होऊन बसतं. ते सात चौकटींनी जाणार नाही. दोन्ही पर्यायांत ते थोडं सोसावं लागतं.

आता ज्या एका कटकटीनं आमच्यापुरता निकाल लावला ती सांगतो. ओल.

कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट इथल्या माणसाला सांगायला नको. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर तिरका आपटत राहतो आणि नऊ इंची भिंतसुद्धा ओल धरते. मोकळ्या भिंतीवर ती दिसते: पोपडे येतात, डाग पडतो, पावसाळा सरला की सुकते. समोर जिप्सम उभं केलं की तीच ओल इंचभर बंद पोकळीत कोंडते. दिसत काही नाही, आधी वास येतो. बंद खोलीत गाणाऱ्याच्या घशाला तो सगळ्यात आधी कळतो. मग फरशीजवळ बोर्डाच्या कागदावर काळे ठिपके येतात, जोडावरची टेप उचलते, स्टडच्या कापलेल्या टोकांना गंज धरतो. ओलीला टिकणारा हिरवा बोर्ड येतो, पण तो स्वतः जरा जास्त तग धरतो इतकंच. मागची भिंत काही तो सुकवत नाही. आणि दुरुस्ती म्हणजे दोन्ही थर फोडणं. बाहेरून वॉटरप्रूफिंग पक्कं करून, एक पूर्ण पावसाळा भिंत कोरडी राहिलेली बघून मग जिप्सम लावलं तर कदाचित हा प्रश्न येणारही नाही. पण तो खर्च जिप्समच्या बजेटमध्ये धरायला हवा, आणि भाड्याच्या घरात बाहेरची भिंत आपल्या हातात नसते.

चौकट मात्र श्रावणात खाली काढायची, मागची भिंत बघायची, दोन दिवस पंख्यासमोर उभी करायची आणि पुन्हा टांगायची. रॉकवूल कुजत नाही; कापडाला बुरशी आली तर कापड बदललं की झालं. घर सोडताना सगळं टेम्पोत भरून नेता येतं.

राहिला बाहेरचा आवाज. तो भिंतीतून कमी आणि फटींतून जास्त येतो. तीन फुटी दाराखाली अर्ध्या इंचाची फट राहिली, तर दार कितीही जड असो, त्याचा रोध जेमतेम २० ते २२ डेसिबलवर अडकतो. म्हणून दाराला तिन्ही बाजूंनी ईपीडीएम रबराची पट्टी, खाली उंबऱ्याला टेकणारी पट्टी, आणि पोकळ फ्लश डोअर असेल तर त्यावर आणखी एक १८ मिमी प्लाय. खिडकीला काढता येणारं झाकण करा: १८ मिमी प्लायचे दोन थर, कडेनं रबर, खेचून बसणारे क्लॅम्प. चार बाय चारच्या खिडकीचं झाकण पस्तीस किलोच्या घरात जातं, तेव्हा दोन उभ्या भागांत करा आणि मधल्या जोडाला खाच ठेवा. प्लाय ७१० ग्रेडचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा. एमडीएफ पहिल्या पावसाळ्यात फुगतो आणि झाकण बसेनासं होतं.

इतकं करून रिक्षा, कुत्री, शेजारचा टीव्ही बराच मागे सरतो. उसाच्या हंगामात गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर पुसट ऐकू येतो, तेवढा टेक पुन्हा घ्यायचा. विसर्जनातल्या डॉल्बीचा दणका मात्र दोन्ही पर्यायांत आत येतो; त्या रात्री एडिटिंगला बसावं. वर पत्रा असेल तर पावसापुढेही दोघांची सारखीच हार.

गळा, पेटी, तबला, व्हॉइसओव्हर एवढंच काम असेल तर आम्ही तरी चौकटींकडेच झुकू. शेजाऱ्यांची अडचण खरीच असेल, तर जिप्सम फक्त त्यांच्या बाजूच्या, पाऊस न लागणाऱ्या आतल्या भिंतीला लावून बघा. थोडा आवाज बाजूच्या भिंतींतून आणि स्लॅबमधून वळसा घालून जाईलच, पण ओलीची धास्ती तरी राहत नाही. त्याआधी रबराच्या पट्ट्या आणा, दार-खिडकी बंद करा, आत स्पीकरवर ढोलकी लावा आणि शेजाऱ्यांच्या घरात जाऊन ऐका. पुष्कळदा जिप्समचा विचार तिथेच मागे पडतो.