वरच्या दोन पट्ट्या खऱ्या होत्या

कोल्हापूरजवळ वडणग्याच्या पुढं आमच्या मळ्यातल्या दोन खोल्यांत मी कॉर्सेट शिवायला शिकवते. बॅचला चारच जणी, शनिवार-रविवार. लग्नाच्या घागऱ्यावर हल्ली कॉर्सेटच मागतात, त्यामुळं राजारामपुरीतून ब्लाउज शिवणाऱ्या बायकाही येतात. आधी मांजरपाटावर ट्रायल, मग खरं कापड. साहित्य फीमध्येच देते, आणि मी फसले ती या साहित्यातच.

कॉर्सेट उभं राहतं ते बोनवर, म्हणजे आत घातलेल्या ताठ पट्ट्यांवर. कुशीच्या वळणाला तारेच्या पिळाची बोन लागते, ती आडवीही वाकते. मागं आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांच्या, दोन्ही बाजूंना मात्र चपटी, स्प्रिंग स्टीलची. महाद्वार रोडला मला मिळाली ती प्लॅस्टिकची. ती अंगाच्या उबेनं वाकते आणि मग तशीच राहते.

इन्स्टाग्रामवर मुंबईचा म्हणवणारा एक विक्रेता सापडला. नमुन्याला २० चपट्या पट्ट्या मागवल्या. माल अस्सल! वाकवून सोडली की टणकन सरळ. त्यानं मागितला म्हणून माझ्या निळ्या टेबलावर पट्ट्या मांडून फोटोही पाठवला. "ताई, शिकवणाऱ्यांना आपण होलसेल दर लावतो," म्हणाला. ३०० पट्ट्यांचे ११,४०० रुपये एकरकमी पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं. असेल भाऊबिऊ, म्हटलं. बिल मालाबरोबर येणार होतं, ते आलंच नाही.

पार्सल जूनमध्ये आलं. तीच अर्धा इंच रुंदी, तोच पांढरा रंग, टोकांना टोप्या. वरच्या दोन वाकवून पाहिल्या, झाल्या सरळ. गठ्ठ्याच्या पोटात हात घातला नाही.

जुलैत एका विद्यार्थिनीचा फोन. "मॅडम, नणंदेच्या कॉर्सेटला पाठीवर तांबूस रेघा आल्यात." पांढरं साटीन, त्यात पाऊस आणि घाम. चॅनेल, म्हणजे पट्टीची शिवलेली नळी, उसवून पट्टी काढली तर रंगाचे पोपडे आणि खाली गंज. टोपी ओढली तर आत नुसती कापलेली कड, बोट चिरेल अशी. वाकवली ती वाकलेलीच राहिली. त्या विद्यार्थिनीचे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. त्यांनी पट्टी हातात घेतली आणि हसलेच. "मॅडम, ही तर खोकी बांधायची पट्टी. आमच्याकडं भंगारात जाते हो!"

विक्रेत्यानं दोन दिवस "बघतो" म्हटलं, मग ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तेव्हा पैसे देऊन पाच आठवडे उलटले होते. हा फोन पहिल्या काही तासांत झाला तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ लाही तक्रार केली, पण हातात ना बिल, ना पार्सल उघडतानाचा व्हिडिओ. फक्त चॅटचे स्क्रीनशॉट. नणंदेचं कॉर्सेट मी पुन्हा शिवून दिलं, साटीन पदरचं.

आता कुणाचाही गठ्ठा आला की मधल्या पाच-सहा पट्ट्या वाकवते आणि एक कापून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते. कापलेली कड थोडी गंजतेच, पण रंगाखालून गंज पसरला तर गठ्ठा परत.

परवा तोच माणूस नव्या नावाच्या खात्यावर दिसला. "समाधानी ग्राहक" म्हणून खाली एक फोटो टाकलाय, निळ्या टेबलावर मांडलेल्या पांढऱ्या पट्ट्यांचा. ते टेबल माझं आहे.