साडीचे फोटो शिकताना: एलईडी घ्यावा की फ्लॅश?

कॅमेरा आहे, ट्रायपॉड आहे, आता दिव्यांवर एकदाच काय तो खर्च करायचाय, अशांसाठी हे लिहितोय. पैठण्यांसाठी मी दोन्ही वापरलेत.

शिकायला एलईडी सोपा, यात वाद नाही. दिवा जरा बाजूला नेला की जरीची चमक कशी सरकते, पदरावरचा मोर कधी उठून दिसतो, हे जागच्या जागी कळतं. फ्लॅशमध्ये आधी क्लिक, मग उलगडा. पितळी समया नाहीतर दागिनेच काढायचे असतील तर मी आजही एलईडीच सुचवेन, प्रतिबिंब बघत बघत उजेड परतवणारा थर्माकोल सरकवता येतो. फक्त सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५च्या वरचा बघा. स्वस्तातल्या दिव्यांत लाल कमी पडतो, कुंकवी काठ विटकरी दिसतो, आणि जो रंग उजेडातच नाही तो व्हाइट बॅलन्सने (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा जुळवून घेण्याने) येत नाही.

माझं गाडं अडलं ते घरातल्या ट्यूबलाइटपाशी. सॉफ्टबॉक्समधला (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतला) ६० वॅटचा एलईडी, आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सचं छिद्र) धरलं तर शटर १/८ सेकंदाच्या आसपास जातं. तेवढ्यात खोलीतला बाकीचा उजेडही आत शिरतो. दिव्याकडची बाजू ठीक येते, पण निऱ्यांच्या सावलीत हिरवट झाक. ती काढायला जावं तर उजळ भाग गुलाबी पडतो, कारण व्हाइट बॅलन्स एका वेळी एकाच उजेडाचा जमतो. मग पडदे ओढा, ट्यूब बंद करा, पदर हलतो म्हणून पंखाही बंद. मे महिन्यात हे करून बघा. त्यातही कोणीतरी "अंधारात काय करतोयस?" म्हणत बटण दाबणारच. "फोटोत निळी होती" म्हणून एक मोरपंखी पैठणी परत आली, तेव्हा माझा निर्णय झाला.

फ्लॅशला शटर १/१६० ठेवतो. आधी फ्लॅश बंद करून एक फोटो काढायचा; तो काळाकुट्ट आला की ट्यूब चालू असो वा बंद, फरक पडत नाही. पंखा तर खुशाल फिरू दे. मग ग्रे कार्डवर (रंगाची झाक नसलेल्या करड्या पुठ्ठ्यावर) कस्टम व्हाइट बॅलन्स, साधारण ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) जवळपास येतो, आणि तोच शेवटच्या साडीपर्यंत चालतो. ग्रे कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद नको, त्यातल्या चकाकी देणाऱ्या रसायनामुळे तो निळसर असतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवरही ठेवू नका. फ्रेमभर आंबा रंग असला की कॅमेरा त्याला पिवळा उजेड समजतो आणि साडीत निळा ओततो.

फ्लॅशचा जाच आहेच: सेल संपतात, दोन फोटोंमध्ये थांबावं लागतं, सुरुवातीला अंदाज चुकतात. तुमच्याकडे वेगळी, अंधार करता येईल अशी खोली असेल, किंवा व्हिडिओही हवे असतील, तर माझं म्हणणं कदाचित लागू होणार नाही. पण हॉलमध्येच काम करायचं असेल तर एक मॅन्युअल फ्लॅश (ताकद हाताने ठरवायचा), ट्रिगर (कॅमेऱ्यापासून लांबचा फ्लॅश पेटवणारा), पांढरी छत्री आणि समोरून थर्माकोल, एवढ्यावर सुरुवात करा. पैसे उरले तर दुसऱ्या दिव्याऐवजी चार्जिंगच्या सेलचा जादा संच घ्या.